कोपऱ्यातला ब्लॉक

आमचा भाचा अमेरिकेत दक्षिणेकडे कुठेसा असतो. त्यानं एकदा सांगितलं, की तिकडची रिटायर झालेली माणसं हिवाळा लागला की घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन उत्तरेतून खाली येतात, एका आवारात ओळीनं लावतात आणि थंडी सरेपर्यंत त्या गाड्यांतच राहतात. दरवर्षी तेच आवार, तेच शेजारी, तेच पत्त्यांचे डाव. त्याला वाटलं, मी तोंडात बोट घालीन. मी म्हटलं, अरे, आम्ही दुसरं काय करत होतो? फक्त आमच्याकडे गाडीऐवजी ब्लॉक होता. आणि ती माणसं थंडीपासून पळतात, आम्ही पदरमोड करून थंडी खायला जायचो.

जायचो देवळालीला. भाऊबीज आटोपली की मुंबईहून निघायचं, नाशिक रोडला उतरायचं, वळकट्या आणि भांड्यांचं पोतं रिक्षात कोंबायचं आणि लॅम रोडनं सॅनिटोरियम गाठायचं. नाव सॅनिटोरियम, पण आजारी असं तिथे कुणी नसे. कुण्या शेठच्या ट्रस्टनं पूर्वी कधीतरी बांधलेली बैठ्या ब्लॉकची रांग होती. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी, मध्ये सामायिक मोठं अंगण आणि अंगणात कडुनिंबाखाली पार. मुंबईच्या दमट हवेनं ज्यांच्या छातीचा भाता झाला होता, असे आम्ही सगळे पेन्शनर कोरड्या हवेसाठी तिथे यायचो आणि होळीच्या आधी परतायचो. हवा खरंच चांगली होती. दोन पोळ्या जास्त जायच्या. दिवसा मधूनच लष्कराच्या तोफांचा सराव चाले आणि खिडक्यांच्या काचा थरथरत. नवीन माणूस दचकायचा, आम्ही हातातले पत्ते न हलवता उतारी कुणाची ते विचारायचो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती. टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म घालवलेली बाई मी. लोकांचे नंबर जोडून देता देता माझ्या दोन गोष्टी तयार झाल्या होत्या, कान आणि जीभ. कान अजून बरे आहेत. जिभेबद्दल घरच्यांना विचारा.

सॅनिटोरियममध्ये माणसं आडनावानं नव्हे, गावावरून ओळखली जात. अंधेरीवाले, साताऱ्याच्या काकू, आम्ही दादरवाले. माझी मैत्रीण म्हणजे बडोद्याची. तीन पिढ्या बडोद्यात गेलेलं मराठी घर, त्यामुळे आमटीत गूळ जरा सैल हातानंच पडायचा. त्या आमटीवरून आमचं पहिलं भांडण झालं आणि भांडणातूनच गट्टी जमली. शेजारशेजारचे ब्लॉक आम्ही दरवर्षी मागून घ्यायचो. सकाळी बंब पेटवायचा तिनं, पाणी उपसायचं मी. तिचा गळा फार गोड होता आणि मला सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं, म्हणूनही जमलं असेल.

आता तिथला एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. म्हातारी माणसं दरवर्षी एका जागी जमायची म्हटल्यावर दरवर्षी कुणीतरी कमी होणारच. तर जो आला नाही त्याच्याबद्दल विचारायचं नाही. जोडप्यातलं एकच आलं तर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगेल. आम्ही जायला लागण्याआधी एका बाईंनी चारचौघांत एका गृहस्थांना विचारलं होतं, वहिनी नाही का आल्या? ते गृहस्थ उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सामान बांधून गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. तेव्हापासून हा नियम.

बोलायचं नाही, त्याऐवजी मार्गशीर्षातल्या एकादशीला दिवेलागणीला पारावर भजन व्हायचं. वर्षभरात जे गेले असतील त्यांचं प्रत्येकाचं एकेक आवडतं भजन म्हणायचं. नाव घ्यायचं नाही, फोटो नाही, हार नाही. भजन सुरू झालं की ज्याचं त्याला समजे. मला हा प्रकार मनापासून पटायचा नाही. माणूस गेला तर गेला म्हणावं, देवाला चार शिव्या द्याव्यात, मोकळं रडावं. पण बडोद्याची म्हणायची, अगं, इथे लोक हवा खायला येतात, रडायला घर आहे. आणि एकादशीला पेटी पुढ्यात ओढून तीच बसायची.

त्या वर्षी आम्ही पोचलो तर आमच्या शेजारच्या ब्लॉकला कुलूप. तिचे यजमान मात्र आलेले होते. ते अंगणाच्या पार पलीकडे, कोपऱ्यातल्या ब्लॉकमध्ये उतरले होते. तो ब्लॉक सहसा कुणी घेत नसे, कारण तो सगळ्यांपासून तुटलेला आणि दिवसभर निलगिरीच्या सावलीत. मॅनेजर त्या वर्षी नवा होता. तो सकाळी तासभर येऊन जायचा. साहेब दसऱ्यालाच आले, एकटेच दिसतात, एवढंच त्यानं सांगितलं.

मी पिशव्या खाली ठेवल्या न ठेवल्या तशी तिकडे गेले. आमचे हे मागोमाग आले. तिच्या यजमानांना मी भाऊजी म्हणायची. मोठा हौशी माणूस, इस्त्रीशिवाय रुमालसुद्धा न वापरणारा. व्हरांड्यात उभे होते ते वेगळेच कुणीतरी होते. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. बरं आहे ना, मी विचारलं. चाललंय वहिनी, ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पुढे विचारणार तेवढ्यात ह्यांनी मागून माझा दंड दाबला. मग मी थंडीबद्दल काहीतरी बोलले. भाऊजींनी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

परत येताना हे म्हणाले, गेली ती. मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, स्वेटर बघितलास ना?

त्यानंतर जे महिनाभर चाललं त्यानं माझी झोप उडाली. भाऊजी कुणाकडे यायचे नाहीत. कामवाली नको म्हणाले. स्वतःच दूध आणायचे, स्वतःच धुणं धुवायचे. आणि त्या धुण्यात रोज साड्या असायच्या. तिच्या साड्या. मला त्यांतली एकेक ओळखू येत होती. निळ्या ठिपक्यांची वॉयल, मोतिया रंगाची सुती, माझ्याबरोबर मेन रोडवर घासाघीस करून घेतलेली हिरवी. फक्त पुऱ्या साड्या नव्हत्या, मधोमध फाडलेले अर्धे तुकडे होते. पहाटेच्या धुक्यात त्या कोपऱ्यातल्या दोरीवर ते अर्धे तुकडे संथ हलायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी साडी. साताऱ्याच्या काकू म्हणाल्या, दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, आपण तिकडे बघू नये. त्यांनी आपली खुर्ची फिरवून घेतली. हळूहळू सगळ्यांनीच खुर्च्या फिरवल्या.

आम्ही डबे मात्र पाठवायचो. कधी भाकरी-पिठलं, कधी मुगाची खिचडी. एका माणसाचा डबा. डबा लख्ख घासून परत यायचा आणि आत चिमूटभर साखर असायची. रिकामं भांडं कधी परत करायचं नाही ही तिची सवय. पुरुषाला ती कशी लागली, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

आम्हा सगळ्यांकडे एकच कामवाली होती, विहितगावाकडून यायची. अंगानं दणकट, सापाला न भिणारी बाई. एक दिवस ती डबा न देताच परत आली आणि तो माझ्या ओट्यावर आपटून म्हणाली, "त्या घरी मी नाय जायची आता. मालक दूध आनायला गेल्ते, मी दाराशी हुभी. आन् आतून कोनी तरी हुंकार दिला. ती बया गेली खरी, पन गेली नाय." मी तिला गप्प केलं. पारवे घुमत असतील म्हटलं. पण माझा कान मला आतून सांगत होता, की पारवे आणि माणूस यांतला फरक बाईला कळतो.

मी एसटीडी बूथवर जाऊन बडोद्याचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. कुणाला पटणार नाही, पण रिकाम्या घरात वाजणारी घंटा वेगळी वाजते. माणूस घरात असून उचलत नसेल तर ती जरा कोंडल्यासारखी येते. ही मोकळी येत होती. बूथवाला म्हणाला, लागत नाही का? मी म्हटलं, लागतोय, पण तिथे कुणी नाही.

शेवटी मला राहवेना. मी चोरून बघायला जाईन असं स्वतःबद्दल मला कधी वाटलं नव्हतं, पण गेले. भाऊजी किटली घेऊन फाटकाबाहेर पडलेले पाहिले आणि कोपऱ्यातल्या ब्लॉकच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. दोन कागदांच्या मध्ये चार बोटांची फट राहिली होती. मी डोक्यावरून शाल घेतली आणि फटीला तोंड लावलं. आत उजेड नव्हता. पांढरी मच्छरदाणी सोडलेला एक पलंग, स्टुलावर तिचा चष्मा, शेजारी तांब्या. मच्छरदाणीत काही दिसेना. बाहेर तोफ उडाली, काच माझ्या कपाळाला लागून थरथरली आणि मला वाटलं, मच्छरदाणीही हलली. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मागे वळले तर भाऊजी किटली घेऊन अंगणात उभे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे होते, मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबल्यासारखे. मी खाली वाकून उगाच निलगिरीची पानं वेचली. सर्दीला वाफ घ्यायची म्हणाले आणि निघाले.

त्या दिवसापासून मला ती गेली हे खरं वाटायला लागलं. चष्म्यामुळे. चष्मा तिच्या नाकाशिवाय दुसरीकडे मी कधी पाहिला नव्हता. स्वयंपाक करताना मध्येच डोळे भरून यायचे आणि मी ह्यांच्यावर ओरडायची. आमटीत गूळ सैल हातानं घातला तेव्हा हे काही न बोलता जेवले.

एकादशी आली. दुपारी पारावर ठरवाठरवी झाली. अंधेरीवाले म्हणाले, यंदा बडोद्याच्या बाईंचं म्हणायला हवं. त्या निमित्तानं तरी त्या गृहस्थांच्या मनाचा बांध फुटेल, हे असं किती दिवस चालायचं? तिचं भजन कोणतं, हे विचारायचीच गरज नव्हती. एक भजन ती दरवर्षी म्हणायची आणि ते तिच्यासारखं कुणाला येत नसे. सगळ्यांच्या दृष्टीनं ते तिचंच. खरं तर मी हट्ट करायची म्हणून ती ते म्हणायची. ती पेटी उघडून बसली की मी मागून ओरडायची, आधी ते माझं! तेवढं एकच भजन मला ओळखू यायचं. पण त्या दुपारी हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी नुसती मान हलवली.

दिवेलागणीला सगळे पारावर बसलो. कानटोप्या, मफलर, हातात टाळ. पेटी वाजवायला कुणी नव्हतं. समोर कोपऱ्यातल्या व्हरांड्यात भाऊजी अंधारात खुर्चीवर बसलेले. दिवा त्यांनी लावला नव्हता. दुसऱ्या दोघांची भजनं आधी झाली. मग अंधेरीवाल्यांनी तिचं भजन उचललं.

पहिल्या ओळीलाच भाऊजी ताडकन उठले. त्यांनी खुर्चीमागचं खोलीचं दार उघडलं आणि आमच्याकडे यायला पायरी उतरले. आम्ही म्हणतच राहिलो. हेच तर हवं होतं. दुसरं कडवं लागलं आणि माझ्या कानाला गर्दीत एक आवाज जास्त लागला.

आधी वाटलं, काकूंचा असेल. मी काकूंकडे पाहिलं, त्यांचे ओठ मिटलेले होते. मग अंधेरीवाले थांबले. मग टाळ थांबले, एकामागून एक. आम्ही सगळे गप्प झालो आणि भजन चालूच राहिलं. त्या उघड्या दाराच्या काळोखातून. आवाज खरखरीत होता, श्वास मध्येच तुटत होता, पण शब्द स्वच्छ होते आणि सूर तिचा होता. मी हजारो आवाज ऐकले आहेत. माझी चूक होणं शक्य नव्हतं. कामवाली टोपली टाकून फाटकाकडे पळाली. काकूंनी रामराम म्हणत पदर तोंडाशी धरला. ह्यांनी, ज्यांनी आयुष्यात देवाला कधी हात जोडले नाहीत त्यांनी, माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कुणीही उठलं नाही. मेलेल्या बाईनं स्वतःचं भजन शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.

भाऊजी अर्ध्या अंगणात उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "श्रावणापासून एक शब्द नाही हो तिच्या तोंडून. पाणी हवं असलं तरी हुंकार देते. आणि आज म्हणाली."

मग सगळं कळलं. श्रावणात तिला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. भाऊजींना पुढे एका डॉक्टरांनी समजावलं, की असं होतं कधीकधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. तेव्हा मात्र कुणालाच ते माहीत नव्हतं. बडोद्यात लोकांनी विचारून विचारून नको केलं, म्हणून परगावी असलेल्या मुलानं दसऱ्याला गाडीनं दोघांना इथे आणून सोडलं होतं. कोपऱ्यातला ब्लॉक घेतला, कारण तिथेच तेवढा कमोड होता. वाऱ्यानं सर्दी होऊ नये म्हणून काचांना कागद. साड्या फाडल्या होत्या त्या तिच्या अंथरुणात घालायला, जुनी सुती साडी मऊ असते म्हणून. ते रोज वाट बघत होते, की कुणी विचारील. कुणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, आम्हाला सगळं माहीत आहे आणि आम्हाला बघवत नाही. माझा राग उसळला, कुणावर ते मला समजेना. मी म्हटलं, "भाऊजी, सांगायचं तरी!" ते म्हणाले, "इथे आपण सांगतो ते कुणी गेल्यावर सांगतो, वहिनी. ती तर आहे."

मी आणखी काही ऐकायला थांबले नाही. तशीच आत गेले. भाऊजींनी मागून येऊन दिवा लावला आणि मच्छरदाणी वर केली. उशांना टेकून ती बसली होती. केस पांढरे झालेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली नाही. डावा हात उचलून तिनं मला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मला वाटलं, हिला मी ओळखू येत नाही.

"तिला वाटतंय तुम्ही गेलात," भाऊजी हळूच म्हणाले. महिनाभर ती आमच्या ब्लॉकच्या दिशेनं बोट दाखवत होती. ते सांगायचे, आहेत त्या तिकडे. ती मान हलवून नाही म्हणायची. मी असते तर आले नसते, असं व्हायचंच नाही. आणि मग एका दुपारी तिला मी दिसले. डोक्यावर शाल, काचेपलीकडे अर्धा चेहरा, न बोलता बघत उभी, आणि मग नाहीशी. भाऊजी आत आले तेव्हा ती घामानं चिंब होती. त्या दिवसानंतर तिनं बोट दाखवणं सोडून दिलं. आज पारावर माझं भजन लागलेलं तिनं ऐकलं. एकादशीला कुणाची भजनं लागतात हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

 तिला रडणारे पारावर आम्ही एवढे जण होतो, मला रडणारी ती एकटीच होती.

ती माझ्या पायांकडे बघत होती. थंडीमुळे मी जाड लोकरीचे मोजे घातले होते, नेसूची साडी वरून घोट्यापर्यंत. तिनं डाव्या हाताचं बोट मोज्यांकडे केलं आणि हुंकार दिला. मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी थंडगार फरशीवर बसले, दोन्ही मोजे काढले, साडी वर घेतली आणि माझे पाय तिच्या पलंगाशी दिव्याच्या उजेडात धरले. तिनं चष्मा मागितला. भाऊजींनी तो तिच्या नाकावर चढवला. आधी टाचा पाहिल्या, मग बोटं पाहिली, कुठल्या दिशेला आहेत ती. मग वाकता येईल तेवढी वाकून माझ्या अंगठ्याला हात लावला, आणि तो गार लागला म्हणून पुन्हा घाबरली. मी तिचा हात धरून माझ्या गळ्याला लावला आणि ती ऊब तिला लागेपर्यंत तो तिथेच दाबून धरला.